खोली नंबर १४ : नगरपरिषदेची घरं दोन भाडेकरूंच्या मध्ये इतके दिवस रिकामी का राहतात

तापी खोऱ्यातल्या एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेचं हे प्रकरण. गावाचं नाव देत नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. घटनांचा क्रम मात्र फायलीत होता तसाच ठेवला आहे. ‘क’ वर्ग म्हणजे पंचवीस ते चाळीस हजार लोकवस्तीचं गाव. एक मुख्याधिकारी, नगर अभियंत्याचं बहुतेक काळ रिक्त असलेलं पद, दोन टेबलांचा चार्ज सांभाळणारा एक कनिष्ठ अभियंता, आणि मिळकत विभाग म्हणून खिडकीशी बसणारा एकटा लिपिक.

पाण्याच्या टाकीमागे नगरपरिषदेच्या खोल्यांच्या दोन रांगा आहेत, एक उतारावर खाली, एक वर. प्रत्येकी दोन खोल्या, मागे मोरी, वर स्लॅब. वॉलमन (पाणी सोडणारे), बंबावरचे चालक, सफाई कामगार, एखादा शिपाई असे लोक तिथे राहतात. परवाना शुल्क, म्हणजे खोलीचं भाडं, पगारातून कापलं जातं. दोन-तीन खोल्या पूर्वी कधीतरी बाहेरच्यांना दिलेल्या आहेत. गावात घर मिळत नाही म्हणून कर्मचारी रडत असतात, आणि त्याच वेळी या रांगांमध्ये कुलूप लावलेल्या खोल्या असतात. मुख्याधिकारी नव्याने रुजू झाले तेव्हा त्यांना ही गोष्ट खटकली. मी बांधकाम खात्यात आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी मला बोलावलं ते एवढ्यासाठीच : दुरुस्त्या लवकर कशा उरकतील ते सांगा.

दुरुस्तीपाशी पोहोचायला मला बराच वेळ लागला. कारण फायली वाचताना दिसलं ते असं, की खोली रिकामी राहते त्या काळात दुरुस्तीचे दिवस अगदी थोडे असतात. बाकीचा काळ खोली कुणाचीच नसते.

हे पटायला खोली नंबर १४ ची फाईल पुरेशी आहे.

चौदा नंबरमध्ये बंबावरचे एक चालक राहत. मार्चअखेर ते निवृत्त झाले. मार्च एंडची गडबड, बिलं, कोषागार, सगळं ऑफिस आकड्यांत बुडालेलं. चालकांनी सामान ट्रॅक्टरवर टाकलं आणि गावी शेतावर निघून गेले. जाण्याआधी चावी द्यायला ते ऑफिसात आले होते. मिळकत लिपिक म्हणाला, आस्थापनेकडे (कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-निवृत्ती बघणाऱ्या शाखेकडे) द्या. आस्थापना म्हणाली, चावीचं आमच्याकडे काही नसतं. शेवटी त्यांनी ती शेजारच्या तेरा नंबरमधल्या वॉलमनकडे दिली. पुढे मी वॉलमनला विचारलं तेव्हा त्याने दोन शब्दांत सगळी परिस्थिती मांडली : “साहेब, चावी मन्हाजोडे शे, पन घर मन्हं नई.” (चावी माझ्याकडे आहे, पण घर माझं नाही.)

एप्रिलच्या पगारपत्रकातून चालकांचं नाव गेलं, म्हणजे शुल्काची कपातही थांबली. आस्थापनेच्या दृष्टीने विषय संपला. मिळकत नोंदवहीत मात्र चौदा नंबरपुढे त्यांचंच नाव राहिलं, कारण ते खोडायला कुणी कागद पाठवलाच नव्हता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आणि गेली. बांधकाम विभागाला खोली रिकामी असल्याचं कळलं ते मृगाचा पाऊस पडल्यावर. चौदाच्या स्लॅबवरून पाणी तेराच्या भिंतीत उतरलं, वॉलमनने अर्ज दिला, अभियंता बघायला गेला आणि कुलूप बघून परत आला. चावी अर्जदाराच्याच खिशात होती. ते त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

जुलैत इस्टिमेट तयार झालं. त्यात गळती, मोरी आणि वायरिंग तर होतंच, शिवाय सगळ्या खोलीला रंग, ओट्याला नवी फरशी आणि मागच्या अंगणात कोबाही होता. अभियंत्याचं म्हणणं असं, की एकदा फाईल चालवायचीच तर सगळंच घेऊन टाकावं. परत कोण मंजुरीच्या मागे लागणार? त्याच्या जागी मीही असंच केलं असतं. पण त्यामुळे रक्कम फुगली आणि फाईल एक टेबल जास्त फिरली. लेखापालांनी ती शेरा मारून परत पाठवली : “मिळकत नोंदवहीनुसार सदर निवासस्थान ताब्यात आहे. रिक्त असल्याबाबत पुरावा जोडावा.” शेरा नियमाला धरून होता. मग लिपिकाने निवृत्त चालकांच्या गावी पत्र पाठवलं, की ताबापावती द्या. ते पत्र त्यांना पोहोचलं की नाही हे फायलीत नाही. दसऱ्यानंतर ते स्वतःच पेन्शनच्या चौकशीला ऑफिसात आले, तेव्हा त्यांच्याकडून मागची तारीख न टाकता सही घेण्यात आली. कागदोपत्री चौदा नंबर त्या दिवशी रिकामी झाली.

तोवर घराचं काय झालं, ते बघण्यासारखं आहे. बंद घराला गळती लागली की भिंत फुगते, प्लास्टर पोकळ होतं, चौकटीला उधई लागते. मोरीचा नळ आणि बाहेरची वायर कुणीतरी नेली. वीजबिल काही महिन्यांचं थकलं होतं, तेवढ्यासाठी महावितरणने आधी जोडणी तोडली आणि नंतर मीटर पीडी केलं, म्हणजे जोडणी कायमची बंद केली. दिवाळीनंतर ठेकेदाराला वर्क ऑर्डर मिळाली. तो खोलीत शिरला तेव्हा जुलैचं इस्टिमेट निम्मं निरर्थक झालेलं होतं. मग सुधारित इस्टिमेट, पुन्हा तीच टेबलं. काम झालं ते संक्रांतीच्या पुढेमागे. गवंडी, प्लंबर आणि वायरमन यांचे हात प्रत्यक्ष खोलीला लागले ते मस्टर (हजेरीपट) आणि एमबी (मोजमाप पुस्तक) यांवरून जेमतेम दोन आठवडे, त्यातही प्लास्टरवर पाणी मारण्याचे दिवस धरून.

यानंतर वाटपाला सुरुवात झाली. आतापर्यंत कुणी प्रतीक्षायादी काढलीच नव्हती. यादी झाली, पहिल्याला पत्र गेलं, पंधरा दिवसांची मुदत. त्याने नकार दिला. दुसऱ्याने आधी हो म्हटलं, मग नाही. तिसऱ्याला महावितरणने मागच्या थकबाकीचा आकडा दाखवला आणि तो म्हणाला, दुसऱ्याचं बिल मी का भरू? चौथा राहायला आला तो होळीनंतर. आखाजीच्या आधी रिकामी झालेल्या खोलीत पुढच्या आखाजीच्या तोंडावर दिवा लागला.

आता यात दोष कुणाचा? प्रत्येकाने आपलं काम नियमाने केलं. शेरा मारणारे लेखापाल चुकीचे नव्हते, यादीनुसार जाणारा लिपिक चुकीचा नव्हता. या भागात बांधकामाच्या कागदावर सही करणारे जपून सही करतात, आणि त्याला कारण आहे. जळगावच्या घरकुल गैरव्यवहार प्रकरणात ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. तो निकाल खान्देशातल्या प्रत्येक नगरपरिषदेच्या लेखाशाखेत आजही बोलला जातो. तेव्हा ‘शेरे मारणं बंद करा’ असं सांगून काही होत नाही. शेरा मारायची वेळच येऊ नये अशी कागदपत्रं आधी तयार हवीत.

नगरपरिषदेची सभा वेळेवर होत नाही म्हणून उशीर होतो, असंही मला काहींनी सांगितलं. ते मी मनावर घेतलं नाही. मधल्या काळात राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, सभा नव्हतीच, आणि मंजुरीचे अधिकार एकाच माणसाकडे होते. चौदा नंबरचा उशीर नेमका त्याच काळातला आहे.

मग मुख्याधिकाऱ्यांसमोर मी एकच कागद ठेवला. त्यावर चौदा नंबरचे सगळे दिवस एका ओळीत मांडले होते. ज्या दिवशी कुणी प्रत्यक्ष काही केलं तिथे काळी खूण, ज्या दिवशी खोली कशाची तरी वाट बघत होती तिथे काहीच नाही. कागद जवळजवळ कोराच होता. आणि सगळ्यात लांब कोरा तुकडा सुरुवातीलाच होता, मार्चअखेर ते पाऊस पडेपर्यंत. तेव्हा खोली रिकामी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

हा तुकडा सगळ्यात सोपा होता, आणि मला सगळ्यात जास्त राग आला तोही त्याचाच. भाडेकरू कधी जाणार हे घरमालकाला सहसा कळत नाही. इंग्लंडमध्ये नगरपालिकांच्या मालकीची भाड्याची घरं मोठ्या संख्येने आहेत. तिथे भाडेकरूने साधारण चार आठवडे आधी नोटीस द्यायची असते, आणि त्या चार आठवड्यांतच घराची पाहणी उरकून घेण्याचा प्रयत्न होतो. एक चावी परत आल्यापासून दुसरी दिली जाईपर्यंतचे दिवस तिथल्या संस्था मोजतात. त्यांना चार आठवडे मिळतात. आमच्या नगरपरिषदेला किती मिळतात? कर्मचारी ज्या दिवशी रुजू झाला त्या दिवशी सेवापुस्तकात त्याची जन्मतारीख लिहिली गेली. चतुर्थ श्रेणीला साठ, बाकीच्यांना अठ्ठावन्न, महिन्याचा शेवटचा दिवस. खोली कधी रिकामी होणार हे ऑफिसच्याच कपाटात वीस-पंचवीस वर्षं आधीपासून लिहिलेलं असतं. फक्त ते कपाट आस्थापनेचं, आणि खोली मिळकत विभागाची.

म्हणून पहिला बदल अगदी साधा होता. दर जानेवारीत आस्थापनेने पुढच्या बारा महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांपैकी निवासस्थानात राहणाऱ्यांची यादी मिळकत लिपिकाला द्यायची. तीन महिने आधी अभियंता आणि लिपिक दोघांनी मिळून खोलीवर जायचं, राहणारा माणूस तिथे असताना. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. रिकाम्या खोलीत अभियंत्याला उन्हाळ्यात गळती दिसत नाही. मेच्या उन्हात सगळे स्लॅब सारखेच कोरडे असतात. राहणाऱ्याला मात्र सगळं पाठ असतं. पहिल्याच पाहणीत एका सफाई कामगार बाईंनी अभियंत्याला हाताला धरून मोरीत नेलं आणि सांगितलं, की पाणी वरून येत नाही, मागच्या घराच्या न्हाणीचं आहे, श्रावणात कानबाई (खान्देशातली देवी) बसवल्या तेव्हा भिंतीला लावलेला कागद सकाळी गळून पडला होता. अभियंत्याने तोवर छताच्या वॉटरप्रूफिंगचं इस्टिमेट मनात करून ठेवलं होतं. मागच्या न्हाणीचा पाइप बदलला, तेवढ्यावर भागलं.

चावीसाठी लिपिकाच्या मागे खिळ्यांची एक पाटी लागली आणि एक वही आली. चावी घेणं ही मिळकत लिपिकाची जबाबदारी, ती घेतल्याबरोबर ताबापावती, आणि त्याच पावतीची प्रत आस्थापना, लेखा, बांधकाम अशी तीन टेबलांवर. लेखापालांनी मागितलेला पुरावा आता फाईल निघण्याआधीच तयार असतो. त्याच दिवशी मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि शेवटचं बिल राहणाऱ्याकडून भरून घ्यायचं. विजेची थकबाकी त्या जागेला चिकटते. पुढच्या माणसाला ती भरल्याशिवाय जोडणी मिळत नाही, मग त्याचा दोष असो वा नसो. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार नगरपालिका हद्दीत नवी जोडणी सात दिवसांत द्यायची आहे. पण थकबाकी असली की हे सात दिवस सुरूच होत नाहीत. शेवटचं बिल वेळेवर भरून घेणं, ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती.

आता अवघड भाग.

खोली वेळेवर सोडावी म्हणून माणसाचा काहीतरी कागद अडकवून ठेवा, ही सूचना पहिल्याच बैठकीत आली. उदाहरणही जवळचंच होतं. भुसावळला रेल्वेची क्वार्टर्स आहेत, आणि रेल्वेत निवृत्तीनंतर चार महिने नेहमीच्या दराने, पुढचे चार महिने दुप्पट शुल्काने क्वार्टर ठेवता येतं. त्यानंतर दंडाचं भाडं लागतं, आणि क्वार्टर सोडेपर्यंत उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलेलं असतं. लोक वेळेवर सोडतात. हे नगरपरिषदेत का नको?

मी याला विरोध केला. रेल्वेत उपदान वेळेवर मिळतं म्हणून ते अडकवण्याला वजन आहे. नगरपरिषदेत निवृत्त माणूस उपदान आणि रजा रोखीकरणासाठी कितीतरी काळ खेटे घालतो. ज्या पैशांतून त्याला गावी घराचं छत टाकायचं आहे तो पैसा नगरपरिषदेकडेच अडकलेला, आणि आपण त्याला म्हणणार, आधी खोली सोड! खोली अडवणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच कारणाने अडकलेले होते. मुख्याधिकाऱ्यांना हे लगेच पटलं असं नाही. शेवटी ठरलं ते असं, की निवासस्थानात राहणाऱ्यांची निवृत्तीची प्रकरणं सहा महिने आधीपासून तयार करायची आणि त्यांची देणी आधी काढायची. यावर कर्मचारी संघटनेतले काही जण नाराज झाले. क्वार्टरवाल्यांना आधी आणि आम्हाला नंतर का? त्यांचं म्हणणं रास्त आहे आणि त्याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही. पण नगरपरिषदेच्या हिशोबाने बघितलं तर हा सौदा तोट्याचा नाही.

तो हिशोब सांगतो, कारण ‘खोलीचं भाडंच किती, रिकामी राहिली तर काय बुडतं’ हे वाक्य मला फार ऐकावं लागलं. निवासस्थान मिळालेल्या कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. खोली रिकामी आणि यादीतला कर्मचारी बाहेर भाड्याने राहतो, तर त्याला भत्ता द्यावा लागतो. सातव्या वेतन आयोगात ‘झेड’ वर्गातल्या, म्हणजे लहान गावांसाठी हा भत्ता मूळ वेतनाच्या आठ टक्क्यांपासून सुरू झाला आणि महागाई भत्त्याबरोबर वाढत गेला. समजा मूळ वेतन २८,००० आणि दर दहा टक्के, म्हणजे महिन्याला २,८०० रुपये. दहा महिने खोली बंद, तर २८,००० नुसता भत्ता, बुडालेलं शुल्क वेगळं, वाढलेली दुरुस्ती वेगळी. आणि हा पैसा कुठल्याच कागदावर ‘रिकाम्या खोलीचा खर्च’ म्हणून दिसत नाही. तो पगारात मिसळून जातो. गाळ्यांचं तसं नसतं. गाळा रिकामा राहिला की अनामत आणि भाडं दोन्ही बुडालेलं दिसतं, ओरड होते. जळगाव महापालिकेच्या २०१२ मध्ये मुदत संपलेल्या गाळ्यांवर वर्षानुवर्षं भांडण चाललं, पेपर भरून बातम्या आल्या. निवासस्थानांवर एवढी शाई कुणी खर्च करत नाही.

सफाई कामगारांच्या खोल्यांची गोष्ट आणखी निराळी. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार निवृत्त सफाई कामगाराच्या जागी वारसाला नेमणूक मिळते; २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने या तरतुदी सुधारून एकत्र केल्या. नऊ नंबरमधल्या बाई निवृत्त झाल्या होत्या, मुलाची फाईल आस्थापनेत पडून होती. नियमाने बघितलं तर बाईंनी खोली सोडायची, खोली दुरुस्त व्हायची, यादी काढायची; आणि त्याच सुमाराला मुलगा नेमणूक घेऊन निवासस्थान मागणार, तेही बहुधा त्याच रांगेत. बाईंना नोटीस काढण्याऐवजी मुलाची फाईल हलवली, एवढंच केलं. खोली एकाच घरात राहिली, परवाना शुल्क मुलाच्या पगारातून सुरू झालं. रिकामे दिवस शून्य. एखाद्याला यात वशिला दिसेल. पण मुलाला जे मिळालं ते शासन निर्णयाने त्याचंच होतं, आम्ही फक्त उशीर काढला.

दुरुस्तीकडे आलो तेव्हा मला माझा विषय सापडला, आणि तो सगळ्यांत कमी वेळात मिटला. प्रत्येक खोलीसाठी वेगळं इस्टिमेट आणि वेगळी निविदा हे बंद करून लहान दुरुस्त्यांसाठी वर्षाचा दरकरार केला. गवंडीकाम, नळ, वीज आणि सुतारकाम, बाबवार दर दरसूचीला धरून. अभियंत्याने पाहणी केली की छापील तक्त्यात फक्त मोजमापं भरायची. आणि कामांचे दोन भाग केले. स्लॅबची गळती, संडास, मोरी, पाणी, वीज, दार-कुलूप हे नवा माणूस येण्याआधी. रंग, फरशी, अंगणातला कोबा हे तो राहायला आल्यावर. रंगाबद्दल कुरकूर झाली, पण पुष्कळांनी स्वतःच रंग काढला. त्यांना आवडीचा हवा होता. एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्या दिवसांत केलेल्या प्लास्टरवर पाणी मारलं जात नाही, ठेकेदार ‘मारलं’ म्हणतो, आणि पहिल्या पावसात भेगा दिसतात. म्हणून मार्चअखेर रिकाम्या होणाऱ्या खोलीचं बाहेरचं प्लास्टर मृग नक्षत्र लागेपर्यंत थांबवायचं, किंवा टँकर लावायचा. घाईघाईत एक खोली गळतीची चाचणी न घेता दिली गेली, आणि राहायला आलेल्या माणसाने जुलैत पत्र्याचे डबे खोलीभर मांडले. त्यानंतर स्लॅबवर बंधारा करून पाणी कोंडून ठेवायची अट तक्त्यातच छापली.

नकारांचं कारण शोधताना एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. नकार बहुतेक वरच्या रांगेतल्या खोल्यांना होते. मला वाटलं होतं संडासांचं तोंड किंवा शेजार. लोकांना विचारलं तर कळलं, वरच्या रांगेत पाणीच चढत नाही. खालच्यांचे नळ सुरू असेपर्यंत वर टिपूस येत नाही, आणि खालचे सहसा नळ बंद करत नाहीत. गंमत म्हणजे वॉलमन स्वतः वरच्या रांगेत राहत होता. त्याने कधी तक्रार केली नाही. अधिकाराचा वापर करून स्वतःच्या घराला पाणी घेतलं असं कुणी म्हणायला नको, हे त्याचं कारण. वरच्या रांगेसाठी वेगळा वॉल बसवला आणि तिला आधी पाणी सोडायचं ठरवलं. त्यानंतर नकार कमी झाले. दुरुस्तीच्या कुठल्याच तक्त्यात हे आलं नसतं.

वाटपाची पद्धतही थोडी बदलली. प्रतीक्षायादी वर्षाच्या सुरुवातीलाच मंजूर, पाहणीच्या वेळी यादीतल्या पहिल्या तिघांना खोली दाखवायची, तिथेच होकार-नकार लिहून घ्यायचा. एकदा नकार चालतो, दुसऱ्यांदा नाव यादीच्या तळाला. पत्र, पंधरा दिवस, पुन्हा पत्र हे संपलं. चिठ्ठ्या घेऊन येणारे थांबले नाहीत, पण मंजूर यादी भिंतीवर लावली म्हटल्यावर त्यांना सांगायला लिपिकाकडे काहीतरी होतं.

मधेच एका वजनदार माणसाने सुचवलं होतं, की या खोल्या बाहेरच्यांना बाजारभावाने द्याव्यात, नगरपरिषदेला उत्पन्न होईल. कागदावर ते आकर्षक दिसतं. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे नगरपरिषद आपली स्थावर मालमत्ता तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देऊ शकते, पुढे वरची परवानगी लागते. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना लागू नाही, म्हणजे भाडेकरूला त्याचं संरक्षण नाही. तरीही बाहेरच्याला दिलेली खोली मुदतीनंतर परत घेणं किती अवघड असतं, हे त्या रांगेतल्याच दोन-तीन खोल्या बघून कळतं. शिवाय मूल्यांकन, जाहिरात, लिलाव या प्रक्रियेत खोली आणखी रिकामी राहिली असती. तो विषय तिथेच सोडला.

पुढची खोली रिकामी झाली ती पुन्हा मार्चअखेर. पाहणी जानेवारीत झालेली, दरकरार हाताशी, यादी भिंतीवर. त्या घरातला माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी चावी देऊन गेला, दुसऱ्या दिवशी प्लंबर आत होता. नवं कुटुंब आखाजीच्या आधी राहायला आलं, आणि माहेरवाशीण लेकीसाठी ओसरीच्या आढ्याला झोका बांधला. आढ्याला झोका बांधू नका, असं अभियंत्याने सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

सगळं जमलं असं समजू नका. वरच्या रांगेच्या टोकाच्या दोन खोल्यांच्या स्लॅबमधलं लोखंड उघडं पडलं आहे, त्या दुरुस्तीच्या पलीकडे आहेत. त्या ‘राहण्यास अयोग्य’ ठरवून यादीतून काढाव्यात असं मी सुचवलं, पण त्याबरोबर एक धास्तीही बोलून दाखवली. रिकाम्या खोल्यांचे दिवस मोजायला लागलं, की आकडा सुधारण्याचा सोपा मार्ग म्हणजे नकोशी खोली अयोग्य ठरवून मोजणीतून वगळणं. म्हणून अयोग्य ठरवलेल्या खोल्यांची वेगळी यादी त्याच वहीच्या शेवटी ठेवायची, आणि त्यांचं पाडायचं की बांधायचं हे वर्षाच्या आत ठरवायचं, असं लिहून घेतलं. वर्ष अजून संपलेलं नाही; त्या खोल्यांवर निर्णय नाही.

दुसरी अडचण माणसांची. वही सुरू करणारा लिपिक शेजारच्या तालुक्यात बदलून गेला. नव्याने आलेल्या मुलीला वही समजली आहे, पण जानेवारीची यादी आस्थापनेने तिला मागितल्याशिवाय दिली नाही. दरकराराची मुदत मार्चमध्ये संपते, आणि नूतनीकरणाची टिपणी आत्ताच ठेवली नाही तर एप्रिलमध्ये पुन्हा वेगवेगळी इस्टिमेटं निघतील. पुढच्या यादीत एकाच महिन्याला दोघे निवृत्त होत आहेत, एक खालच्या रांगेतला, एक वरच्या. त्यांपैकी वरच्याचं उपदानाचं प्रकरण अजून लेखा शाखेत अडकलेलं आहे. ते सुटेपर्यंत त्याला पाहणीची तारीख द्यायची नाही, असं मुख्याधिकाऱ्यांनी ठरवलं आहे.